उणिवांचा रकाना

लुब्लिन, १२ मार्च

प्रिय किंगा,

पत्र पाहून घाबरू नकोस, माझी तब्येत ठणठणीत आहे. फोनवर आपलं तब्येत आणि हवामान यापलीकडे गाडं सरकत नाही, म्हणून कागद घेतला. चार इस्टर झाले, तू घरी आली नाहीस आणि मीही ये म्हणालो नाही. आता मात्र तुला कबुली द्यायची आहे. ऐक आणि हसू नकोस. तुझा तो सोंगं घेण्याचा खेळ मी खेळतो.

तू ग्दिन्याला गेलीस आणि महिन्याभरात तुझे खेळगडी विटोल्ड आणि इगा तुझं नियमांचं जाडजूड पुस्तक मागायला आले. बाहेर बर्फ पडत होता, म्हणून मी चहा ठेवला आणि कांद्याचे त्सेबुलाश पाव गरम केले. खाता खाता त्यांनी तिथेच फासे काढले. पुढच्या शनिवारी पुन्हा हजर! फाशांनी पोट भरत नाही असं तुला ऐकवणारा मी, त्यांच्यासाठी सकाळी बेकरीच्या रांगेत उभा राहायला लागलो. मग एकदा एक माणूस कमी पडला आणि विटोल्ड म्हणाला, "झेनॉनकाका, नुसते काय बघत बसलाय? या, बसा." बसलो.

तुझ्या पुस्तकाची एक गोष्ट मानली पाहिजे. एकदा तीन फासे टाकायला शिकलं की झालं. मग सरदार व्हा, चाच्यांच्या जहाजावर जा, नाहीतर चंद्रावर नळ दुरुस्त करा. नियम तेच. चौतीस वर्षं ट्रॉलीबस तारेखालून नेली, तार जाईल तिकडेच गेलो. त्या माणसाला हे म्हणजे काय वाटलं असेल, तूच बघ.

पण दोषही तसेच आहेत. गोष्टीत ज्याचं सोंग घ्यायचं, तो एक माणूस कागदावर तयार करायला मला दोन शनिवार लागले. लग्न जमवायलाही इतका वेळ लागला नव्हता! एक ठोसा मारायचा तर एवढी बेरीज-वजाबाकी, की तोवर शत्रू घरी जाऊन जेवून येईल. आणि सगळ्या दुनियेला एकच पुस्तक म्हटल्यावर सगळ्या भाज्यांना एकच मसाला. खेळातली गोष्ट विटोल्ड रचतो आणि चांगली सांगतो म्हणून निभावतं, नाहीतर चंद्र काय आणि किल्ला काय, चव एकच.

आणि ती उणिवांची भानगड! आपल्या माणसाला उणिवा घेतल्या की त्या बदल्यात गुण मिळतात, आणि त्या गुणांतून ताकद विकत घेता येते, हे कळल्यावर मी मनात म्हटलं, झेनॉन, हात धुऊन घे. गोष्ट चंद्रावरची होती, म्हणून मी घोड्यांची भीती घेतली, पोहता न येणं घेतलं, आणि सगळे गुण दंडांत घातले. विटोल्ड गोड हसून म्हणाला, "छान हं, काका." पुढच्याच शनिवारी चंद्रावर सर्कस उतरली, बारा घोड्यांसकट! वर पाण्याची टाकी फुटली. माझा पहिलवान टेबलावर चढून थरथरतोय आणि इगा ओरडतेय, "उतरा की हो काका, घोडा काही तुम्हाला खात नाहीये!" इतका हसलो की डोळ्यांतून पाणी आलं. तुझी आई गेल्यापासून असा हसलो नव्हतो. नंतर कपबशा विसळताना इगा म्हणाली, "ज्या उणिवेचा कुणालाच त्रास होत नाही, तिचे गुण फुकटचे, काका." पोरगी औषधाच्या दुकानात बसते, पण बोलते वकिलासारखी.

आता खरं कारण. परवा पुस्तकाच्या शेवटच्या पानांत एक घडी घातलेला कागद सापडला. तुझं पंधराव्या वर्षीचं अक्षर. वर नाव, 'बाबा'. खाली लिहिलंय: धुक्यातही रस्ता चुकत नाही. म्हाताऱ्या बायका चढेपर्यंत गाडी थांबवतो. शिट्टी छान वाजवतो. उणिवांचा रकाना मात्र कोरा. विटोल्डने बेरीज केली आणि म्हणाला, "हे नियमात बसत नाही, काका. वीस गुण जास्त झालेत. तिने एक तरी उणीव द्यायला हवी होती." मला ती संध्याकाळ आठवली. हा कागद हातात घेऊन तू दारात उभी होतीस, "बाबा, येता का खेळायला?" म्हणालीस, आणि मी वर्तमानपत्रामागून म्हणालो, "उद्या." त्यानंतर तू कधी विचारलं नाहीस. काल मी तो रकाना पेन्सिलीने भरला. 'पोरीने बोलावलं तेव्हा उठला नाही.' पुस्तकात पाहिलं, या उणिवेला किती गुण ते कुठेच दिलेलं नाही. ते तू ठरव. इस्टरला ये, पोरी. तुझ्या बाबाला तुझ्यासोबत खेळायचंय.

तुझाच,
बाबा