सुतळीतल्या बांगड्या

१२ एप्रिल २०२१
मोनिकाला नगरच्या कोरोना सेंटरला नेलं. ऑक्सिजन ८८. अ‍ॅम्ब्युलन्सवाला हॉर्नवर हॉर्न मारतोय — सृष्टी कानांवर हात ठेवून कपाटामागे! चौदा वर्षांत पोरीने आईशिवाय कुणाच्या हातचा घास घेतलेला नाही. पोरीला ऑटिझम आहे, आईला घरीच ठेवता येईल का, असं डॉक्टरांना विचारलं. 'लहान आहे का ती?' म्हणे.
निघताना मीच म्हणालो, बांगड्या काढून ठेव, सृष्टीला जेवताना त्यांचा आवाज लागतो. मोनिका थबकली. "सवाष्ण मी, मोकळ्या हातांनी घराबाहेर जाऊ व्हय?" म्हटलं, चार दिवसांचा तर प्रश्न आहे. काढल्या.

१३ एप्रिल
नाही खाल्लं.

१४ एप्रिल
नुसत्या पाण्यावर आहे. बांगड्या हातात धरून वाजवल्या — उठून गेली. घालायला गेलो तर माझ्या पंजातून जातायत कुठे! शेवटी सुतळीत ओवून मनगटाला बांधल्या आणि दुधात भाकरी कुस्करली. चार घास खाल्ले! माझ्याकडे नाही, मनगटाकडे बघत. सुप्याच्या कंपनीत बारा वर्षं मशीन चालवतोय, एवढा घाम कधी फुटला नव्हता. शेजारचा हर्षल खिडकीतून बघून हसला. हसू दे लेकाला.

१७ एप्रिल
मोनिकाचा फोन. नुसती धाप. "खाल्लं का तिनं?"
खाल्लं म्हणालो. व्हिडिओवर दाखवा म्हणाली. सृष्टीने मोबाईल पालथा घातला आणि निघून गेली. नेट गेलं, असं खोटंच सांगितलं.

२० एप्रिल
मोनिका गेली.
नगरला परस्पर उरकलं. मोबाईलवर फोटो आला — प्लॅस्टिकमध्ये बांधलेलं काहीतरी. सृष्टीला कुणाजवळ ठेवणार? गेलोच नाही. लोकांना काय म्हणायचं ते म्हणोत.
दुपारी भरवलं. रडायचीही सोय नाही. माझं तोंड वेडंवाकडं झालं की ती ताट ढकलते.

२२ एप्रिल
सासूबाई तिसगावहून दुधाच्या टेम्पोतून आल्या. माझं मनगट बघितलं आणि उंबऱ्यातच बसल्या.
"जावईबापू, माझी लेक सवाष्ण गेली, अन् हात मोकळे? तुमीच उतरवल्या व्हय?"
हो म्हणालो.
"आता तरी द्या. गंगेला सोडते."
नाही दिल्या. हात जोडले, पाया पडलो. त्यांनी स्वतः भरवून बघितलं. सृष्टीने डोकं भिंतीवर आपटलं — तीनदा. मग त्यांनी बांगड्यांचं नाव काढलं नाही.
थोडे दिवस राहा, म्हटलं. "न्हाई जमनार, बापू. घरी म्हातारा पडून हाय." माझ्याकडे तर आई-बाप, भाऊ-बहीण, कुणीच नाही. आता मी आणि ही.
खरं लिहितो. मला वाटतं, बांगड्या उतरवल्या म्हणूनच ती गेली. डोक्यातून जातच नाही.

२४ एप्रिल
सृष्टी आज पूर्ण भाकरी जेवली. बरं वाटलं. बरं वाटलं म्हणून स्वतःचीच चीड आली.

२५ एप्रिल
दूध पार करपलं. सृष्टी नाक दाबून किंचाळत होती. मी गॅसशेजारीच पाठमोरा भांडी घासत होतो. मला वासच आला नाही.