गुहेतली नागीण

सांगली, रविवार संध्याकाळ, नोव्हेंबर १९९८

गेमच्या नव्या भागाची सीडी आज लावली. जंगल जुनंच, राक्षसांना नुसते नवे रंग फासलेत. पण गुहेच्या तोंडाशी एक नागीण बसवलीय. ती डसली की कमावलेली सगळी ताकद जाते. मला चार वेळा डसली. तेव्हाच ठरवलं, इथं दिल्याला आणायचं.

दिल्या माझा रूम पार्टनर, शिराळ्याचा, नागपंचमीला जिवंत नाग पुजणाऱ्या गावचा. मागं एकदा माझ्या गेमवर त्याने स्वतःचा गेम सेव्ह केला आणि दोन महिने वाढवलेला माझा योद्धा पुसला गेला. वर म्हणतो काय, "चुकून झालं रं." चुकून?

शिराळ्याचा माणूस नागावर हात उचलत नाही, गेममध्येसुद्धा. मला पक्कं माहीत होतं. त्याचा योद्धा मुद्दाम नागिणीसमोर नेऊन ठेवला आणि त्याला खुर्ची दिली. दिल्याने तलवार म्यान केली, माऊस सोडला आणि चक्क पडद्याला हात जोडले. आता डसेल, मग डसेल, मी बघतोय. नागीण जरा डोलली आणि बाजूला झाली. तलवार उपसणाऱ्यालाच डसत असणार. मी चारही वेळा उपसली होती.

"तू कसा गेलास रं हितनं?" दिल्याने विचारलं.

मी अजून गुहेच्या बाहेरच होतो. म्हटलं, "चुकून."