पट्टा, स्क्रू आणि निपाणीचं दार

२ फेब्रुवारी, सकाळ
आजपासून रोज लिहायचं. मशीन झाल्यावर काय केलं, कसं केलं, हे माझ्या लक्षात राहायला हवं.
माग विकल्यापासून पुढची खोली रिकामी आहे. तिथं कॉम्प्युटरवर चालणारं, लाकूड कोरायचं मशीन बनवतो आहे. सांगाडा झाला, कोरायची मोटर आली. आता ती मोटर इकडून तिकडं सरकवायची कशानं, एवढंच राहिलं. दात्यांचा रबरी पट्टा, लांब स्क्रू, की दातेरी पट्टी आणि चाक. आज ठरवून टाकतो.
धाकटी मंजुश्री निपाणीत घर बांधते आहे. पुढचं दार मी कोरून देणार. मधे गणपती, दोन्हीकडं वेल. तिला बजावलं आहे, माझं दार घेऊनच घरात पाय ठेवीन. तिनं बरं म्हटलं. जावई विक्रम काहीच बोलला नाही. भारावला असणार.

५ फेब्रुवारी
ठरलं नाही. पट्ट्याचं नाव काढलं की मला ओकारी येते. जन्मभर मागावर पट्टेच बघितले. घाणेरडी जात. जरा घसरला की साडीवर आडवी रेघ, आणि मालकाची बोलणी मला. यूट्यूबवर एक पोरगा हिंदीत सांगतो, बेल्ट बेस्ट आहे. ह्यानं साडी कधी विणली?
आजपासून संताप बंद. डॉक्टरनं सांगितलं आहे.

११ फेब्रुवारी
स्क्रूच. उद्यमबागेतल्या लोखंडी सामानाच्या दुकानातून आणला. दुकानदार उद्धट. मराठीत विचारलं तर कन्नडमध्ये बोलला, कन्नडमध्ये विचारलं तर फोनवर बोलत बसला. स्क्रू माझ्यापेक्षा लांब, रिक्षात मावेना. एक टोक बाहेर ठेवलं. वडगावात वळताना ते टोक विजेच्या खांबाला लागलं. रिक्षावाला मलाच बोलला. असली माणसं.

१२ फेब्रुवारी
स्क्रूला किंचित बाक आहे. फिरवला की पोरी दोरीच्या उड्या मारतात तशी मधली बाजू उडते. शेजारचा केदारी बघायला आला. लष्कराच्या कॅम्पातून पेन्शन घेऊन बसला आहे, दुसरं काम नाही. म्हणाला, भरमाण्णा, धनुष्य झ्याक झालंय, आता बाण आण. लांब स्क्रू असाच उडतो, हे मला आधीच ठाऊक होतं. खात्री करून घेतली, एवढंच.

३ मार्च
दातेरी पट्टी बसवली. मजबूत काम. भरपूर ग्रीस लावलं. आता मागं बघायला नको.

८ मार्च
शी! कोरताना भुसा उडाला, ग्रीसवर बसला. दात्यांत शिळ्या पिठल्यासारखा लगदा झाला. हात घातला, तो जेवायच्या वेळेपर्यंत धुतला तरी वास गेला नाही. बायको राजाबाई म्हणाली, अवं, त्ये हात घिऊन भाकरीला शिवू नका. स्वतःच्या घरात ताटावर बसून चमच्यानं भाकरी खाल्ली.
दातेरी पट्टी हे लोखंड कापणाऱ्यांचं काम. सभ्य माणसाचं नाही.

१९ मार्च, पाडवा
गुढी उभारली. मंजुश्रीचा फोन आला. आवाजात फार आनंद. दाराचं एका शब्दानं विचारलं नाही. बापावर विश्वास असला की असं असतं. समजूतदार पोर.
संकल्प: ह्या महिन्यात नक्की.

६ एप्रिल
राजाबाई निपाणीला जाऊन आली. घर कसं आहे विचारलं, तर म्हणाली, अगदी बंदोबस्तात हाय. पुढं दार नाही आणि म्हणे बंदोबस्त. बायकांची नजर फरशीवर आणि कट्ट्यावर.
वास्तुशांत १० मे. पुढं ढकलता येत नाही, लगेच अधिक महिना लागतो. त्यात जावयाला वाणही द्यायचं. विक्रमची मजा आहे.

१४ एप्रिल
खूप विचार केला. पट्टाच घालतो. माघार नव्हे. पट्टा वाईट नसतो, लावणारे अडाणी असतात. आमच्याकडं पट्टा घसरला की राळ चोळायचो, मग घट्ट धरायचा. यूट्यूबच्या पोरांना हे कुठलं माहीत! राळ कुटली, तेलात गरम केली, दात्यादात्यांत चोळली. घरभर धूर. राजाबाई खोकत म्हणाली, अवं, त्याला दात हायत की, राळ कशाला? जन्मभर मागासाठी सुताच्या कांड्या भरल्या तिनं. तिला पट्ट्यातलं काय कळणार!

१५ एप्रिल
रिकामं चालवून बघितलं. अप्रतिम. केदारीला मुद्दाम बोलावलं. तो बघून घरी गेला. हरला.

२ मे
सागवानाची फळी लावली. गणपतीचं गंडस्थळ, डोळे सुरेख उतरले. डोळ्यांत पाणी आलं. मग राळेवर भुसा चिकटला, दाते बुजले, टक टक करत पट्टा चाकावरून उड्या मारायला लागला. बंद करेपर्यंत सोंड डाव्या कानातून बाहेर.
लाकडात गाठ होती. नाहीतर असं होत नाही.
केदारी म्हणाला, द्येव कुणाला फोन लावतोय रं? ह्या माणसाला देवाचीही भीती नाही. किळस आली.

७ मे
दुसरी फळी नाही, वेळही नाही. सोंडेवर शेंदूर लावला. लांबून बघितलं तर चालतंय. दार म्हणून नाही, पण पुढं साधं दार केलं की त्यावर मधोमध ठोकता येईल. फळी चादरीत गुंडाळली.

१० मे, निपाणी, दुपार
बसमध्ये फळी मांडीवर घेऊन आलो. कंडक्टर सारखा त्याच फळीवरून बोलत होता.
घराला दार आहे. पॉलिश केलेलं, कडी, कुलूप, सगळं. वर तोरण. कडीजवळ हात लागून लागून पॉलिश उडालं आहे. आज बसवलेलं दार असं दिसत नाही.
मंजुश्रीला विचारलं, कधी बसवलं? ती खाली बघून म्हणाली, पाडव्याला, आप्पा. आई म्हणाली, तुमाला सांगू नको, तुमचं मशीन चालू दे.
मी उंबऱ्याबाहेर उभा. दार घेऊनच पाय ठेवीन म्हटलेलं. भटजी हाका मारत होते. मंजुश्रीनं माझ्या हातातली चादर सोडली, फळी बघितली. हसली नाही. फळी छातीशी धरून म्हणाली, आप्पा, दार घिऊन आलाय की. चला आत.
गेलो.
जेवायच्या वेळी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो. फळी गॅसच्या सिलिंडरखाली. विक्रम म्हणाला, आता सिलिंडर अजिबात हलत नाही, मामा.

१३ मे, सकाळ
उशिरा उठलो. मशीनवर पट्टा नाही. राजाबाईनं तो अंगणात ह्या खांबापासून त्या खांबापर्यंत ताणून बांधला आहे. त्यावर तिच्या दोन साड्या आणि माझं बनियन. म्हणाली, चिमटंबी लागत न्हाईत.
वाऱ्यात तासभर बघत बसलो. काही घसरलं नाही. बनियनवर राळेची आडवी रेघ मात्र उमटली आहे.