आग्नेयेची चूल

आप्पा, तुम्ही निवडलेला सागाचा दरवाजा अजून शाबूत आहे. जाणारा-येणारा त्याच्यावर हात फिरवून बघतो. तुम्हाला एवढंच ऐकायचं असेल तर पुढचं सोडून द्या. न आवडणारं बोलणं अर्ध्यावर तोडायची सवय तुम्हाला होतीच.

तारापूरला वीज केंद्राचं बांधकाम चालू होतं, तुम्ही तिथे सुपरवायझर होतात आणि बोईसरबाहेरचा तो उताराचा तुकडा तुम्हाला स्वस्तात मिळाला होता. विकणाऱ्याला गंडवलं म्हणून कितीतरी दिवस तुम्ही खुशीत होतात. जमीन रस्त्याकडे उंच आणि मागे आग्नेयेला थेट ओढ्यापर्यंत उतरलेली. तुम्ही सपाट देशावरचे. घर एका पातळीत हवं आणि चूल आग्नेयेलाच हवी, यावर तुमच्याशी कोण बोलणार? आई चिपळूणकडची, उतारावरच्याच घरात वाढलेली. ती म्हणाली, "अहो, चूल वरच्या अंगाला घेऊ या. खालचा भराव पावसात खचतो. आमच्याकडे भरावावर लगेच काही बांधत नाहीत." तुम्ही गवंड्यासमोर हसलात. "हिच्या माहेरी माकडं राहतात, झाडावरच चूल मांडतात." गवंडीही हसला. "सायेब, बाईंचं काय मनावर घेता? घर तुमचं हाय." आई चहाचे कप गोळा करून आत गेली.

मग खर्चाची मांडणी सुरू झाली. भरावाला मागून दगडी बांध हवा, हे तुम्हाला कळत नव्हतं असं नाही. कामावर दुसऱ्यांकडून तुम्ही तेच दरडावून करून घेत होतात. पण मनोरहून आणलेल्या दरवाजानं हिशेब बिघडवला होता. "मागं कोण बघायला जातंय?" म्हणत तुम्ही बांधावर काट मारलीत. दरवाजा सगळ्यांना दिसणार होता. चूल फक्त आईला दिसणार होती.

दुसऱ्या पावसाळ्यात तो कोपरा खचला. आई भात वेळून पेज काढत होती. ओटा भिंतीपासून सुटला आणि उकळती पेज तिच्या उजव्या हातावर सांडली. तुम्ही कामावरून येता. आधी हात बघता, मग भिंतीतली भेग बघता. तुम्हाला कळलं, हे मला तुमच्या तोंडावर दिसलं. आणि तुम्ही म्हणता, "लक्ष कुठं होतं तुझं?" पालघरच्या डॉक्टरला तुम्ही सांगितलंत, पाय घसरला. आईनं मान हलवली. तिची बोटं आखडली ती कायमची, आणि साऱ्या गणगोतात ती धांदरट ठरली. तुम्ही भेग सिमेंटनं लिंपलीत आणि चूल तिथंच ठेवलीत.

पुढे तुमचं अंग लुळं पडलं, वाचा गेली. तुमची खाट मी स्वयंपाकघरात हलवली. लोकांना सांगितलं, इथं ऊब असते. खरं म्हणजे ती भेग तुमच्या बरोबर डोळ्यांसमोर येत होती. लिंपण सोडून ती पुन्हा वर आली होती. आई आखडलेल्या बोटांनी तुम्हाला पेज भरवायची, थोडी गळ्यावर सांडायची, आणि तुम्ही डोळे वटारायचात. तेवढंच तुमच्या हातात राहिलं होतं. त्या पावसाळ्यात मी भिंतीकडे कान लावून असायची. पाऊस धो धो कोसळला, ओढा दुथडी भरून वाहिला, भिंत जागची हलली नाही. तुम्ही गेलात ते दिवाळी उलटल्यावर, साध्या तापानं.

तुमचे दिवस झाल्यावर मी मागची झुडपं तोडायला गेले. कुणी फिरकत नसे तिथे. भिंतीच्या पाठीला कमरेएवढा दगडी बांध होता, ओढ्यातल्या दगडांचा, सांधे नीट बसवलेला. तुम्ही कामावर आणि मी शाळेत असताना आईनं तो एका हातानं रचला होता. मी विचारलं, "त्यांच्यासाठी एवढं केलंस?" ती म्हणाली, "त्यांच्यासाठी कुठं गं? रोज तिथं मला उभं राहायचं होतं."

हे पत्र मी कुठं टाकणार? घडी घालून उशीखाली ठेवीन झालं. तेवढं एक सांगते, आप्पा. त्या बांधाला मी हात लावून बघितला, तेव्हा मला आईचाच राग आला. तिनं भिंत धरून ठेवली होती.