आईसाठी वेगळे भाव

३ फेब्रुवारी

चि. छोटीस आईचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र येत नाही तेव्हा तू खुशाल आहेस असं मी धरून चालते. फोन करू नकोस. तू बोलतेस आणि मला नुसती घरघर ऐकू येते, मग मी उगीच हो हो म्हणते. मागच्या वेळी कशाला हो म्हटलं ते अजून कळलेलं नाही.

माझा खुबा आता बरा म्हणायचा. वॉकर धरून खिडकीपर्यंत जाते. पण आंघोळ, केस आणि खाली वाकायची सगळी कामं मावशी करते. तुम्ही मुलं मावशी म्हणता म्हणून मीही म्हणते, नाहीतर माझ्याहून वीस वर्षांनी लहान आहे. सकाळी नऊला येते, सहाला जाते. ती आहे म्हणून दादाला खाली शिवणाच्या दुकानात बसता येतं. ती नसती तर त्यानं मशीन चालवलं असतं की मला उठवलं-बसवलं असतं? बेचाळिसावं लागलं तरी लग्नाचं नाव काढत नाही. सुया-दोऱ्यांशी संसार चाललाय.

तुमच्याकडे महागाई फार झाली असं मागे लिहिलं होतंस. आमच्याकडे नाही गं तसं. अंडी अजून तीसला डझन, साबण दहाला. दादाच सगळं आणतो, मी रोज भाव विचारते आणि तो सांगतो. माझ्या पेन्शनीतले थोडे मी बटव्यात ठेवते. दर सोमवारी मावशीला साठ देऊन डझनभर अंडी, साबण आणि माझी बिस्किटं मागवते. दादाला कळू देत नाही, नाहीतर म्हणेल तुला काय कमी पडतं. त्या सामानातली चार अंडी मी मावशीलाच घरी न्यायला लावते. हल्ली मात्र ती अंडी बारकी आणते आणि बिस्किटांचा पुडा छोटा. तिचा हात जरा आखडलाय असं वाटतं.

जावईबापूंना आशीर्वाद. पत्र लिही, आळशी.

तुझी,
आई


१० फेब्रुवारी

ती. दादास शि. सा. न. वि. वि. हे पत्र वाचून राग येईल, म्हणून आधी पाणी पी.

मावशींचा पगार वाढवायचाय म्हणून तू माझ्या वाट्यात भर मागितलीस. इकडे काय चाललंय ते तुला माहीत नाही. ह्यांची कंपनी दोन महिने अर्ध्या पगारावर आहे. मी चष्म्याच्या दुकानात उभी राहून लोकांना काचा दाखवते आणि माझ्याच चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली आहे. घरमालकानं भाडं वाढवलं. जिन्यात भेटून त्यानं सांगितलं की त्याचाही नाइलाज आहे, आणि सांगताना नवीन बूट घातले होते. गेल्या आठवड्यात नळ दुरुस्त करणाऱ्यानं नुसतं घरात पाऊल टाकण्याचे पैसे मागितले, पाना काढायच्या आधी. अंड्यांचा डझन नव्वद झालाय.

आणि आई लिहिते की तुमच्याकडे तो तीसला मिळतो! साबण दहाला! मी तिचं पत्र तीनदा वाचलं. तुमच्याकडे एवढी स्वस्ताई असेल तर माझ्याकडून जातात ते पैसे कुठे खर्च होतात, दादा? मला विचारायला लाज वाटते आहे, पण न विचारता पाठवत राहिले तर मनात कायमची अढी बसेल. फोनवर विचारलं असतं तर आपण भांडलो असतो, म्हणून लिहिलं.

माया आहेच. उत्तर मात्र नीट दे.

छोटी


१५ फेब्रुवारी

चि. छोटीस आशीर्वाद. पाणी प्यायलो, तरी राग आलाच. मग आईचे ते भाव तुझ्या कानांनी ऐकून पाहिले आणि तो उतरला. तुझ्या जागी मी असतो तर याहून वाईट लिहिलं असतं.

अंडी इथेही नव्वदलाच आहेत. तीस हा फक्त आईचा भाव आहे.

ती दवाखान्यातून घरी आली तेव्हाची गोष्ट. दुधाची पिशवी आणली, तिनं भाव विचारला, मी सांगितला. दुसऱ्या दिवसापासून दूध बंद. म्हणे पोटात गुडगुडतं. मग फळांचा भाव कळला, फळं बंद. म्हणे दात शिवशिवतात. महिन्याभरात वजन अडतीसवर आलं. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून चांगलं झापलं. म्हणाले, हाड जुळायचं असेल तर हिनं खाल्लं पाहिजे, नाहीतर पुन्हा पडेल आणि मग उठणार नाही. त्या दिवशी घरी येऊन मी तिला सांगितलं की भाव उतरले. तिनं लगेच विश्वास ठेवला, कारण तिला तो ठेवायचाच होता. संध्याकाळी पेलाभर दूध प्यायली.

तेव्हापासून हे चाललंय. पुड्यांवरच्या किमतीच्या चिठ्ठ्या मी दुकानात इस्त्रीच्या वाफेवर धरून सोडवतो. वर्तमानपत्र बंद केलं, सांगितलं की टाकणारा माणूस गाव सोडून गेला. तो माणूस रोज समोरून सायकलवर जातो आणि मी आईला खिडकीतून दुसरीकडे बघायला लावतो. मावशींना तर देवाची शपथ घालून सांगितलंय की काहीही झालं तरी हिच्यासमोर खरा भाव काढायचा नाही. त्या बिचाऱ्या तोंड शिवून आहेत. त्यांचं बसभाडं दीडपट झालंय, म्हणून पगार वाढवायचा होता. त्या गेल्या तर दुकान बंद करून मला घरी बसावं लागेल, आणि मग खायचं काय?

तुला आधीच सांगायला हवं होतं. पण तू आईला पत्रात काही बोलून जाशील अशी धास्ती होती. पगाराचं मी बघतो, तू ओढाताण करू नकोस.

लोभ आहे तो राहू दे, एवढंच मागणं.

दादा


२ मार्च

चि. छोटीस आईचे आशीर्वाद.

मन फार खट्टू झालंय. मावशीला मी कामावरून काढलं.

दोन महिने मी गप्प होते. आधी अंडी बारकी, मग बारांऐवजी दहा, मग आठ. दर वेळी काहीतरी कारण. दुकानात नव्हती म्हणे, दोन फुटली म्हणे. काल साठ देऊन पाठवलं तर सहा अंडी आणि अर्धा साबण! अर्धा, छोटी. सुरीनं कापलेला. बिस्किटं नाहीत आणि परत एक नाणंही नाही. मी विचारलं, बाकीचे पैसे कुठे आहेत. ती खाली बघत उभी राहिली. मी पुन्हा विचारलं. दुकान जवळ आहे, भाव मला तोंडपाठ आहेत, मी काही दूधखुळी नाही असंही म्हटलं. तरी बाई तोंडातून शब्द काढेना. मग मी बोलून गेले. म्हटलं, तू चोर आहेस.

तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मग कमरेचा फडका सोडला, घडी घातली, खुर्चीवर ठेवला. माझी संध्याकाळची गोळी काढून पाण्याच्या पेल्याशेजारी ठेवली आणि जिना उतरून गेली.

दादा वर आला तेव्हा मी सगळं सांगितलं. बटव्याचंही सांगितलं. तो मटकन खाली बसला, जसं काही चोरी त्यानंच केली होती. आज दुकान बंद ठेवून घरी आहे, मला आंघोळ घालताना दोघंही भिंतीकडे बघत होतो. एका चोर बाईसाठी एवढं काय वाईट वाटून घ्यायचं? पण मलाही घास गिळवत नाही, का ते समजत नाही.

तुझी,
आई


४ मार्च

दादांना नमस्कार. लिहायची सवय नाही, शाळा चौथीपर्यंतच. चुकलं तर संभाळून घ्या.

जिन्याच्या दाराची किल्ली माझ्याकडे राहिली होती ती पाठवते. आजींची मोठी गोळी सकाळची आणि बारकी संध्याकाळची. उजव्या कुशीवर झोपू देऊ नका.

मी चोरी केलेली नाही. आजी तुम्हाला न सांगता साठ द्यायच्या आणि सामान सांगायच्या. तुम्ही शपथ घातलेली, म्हणून भाव सांगता येत नव्हता. पहिल्यांदा वाटलं, एक दिवसाचं काम आहे, वरचे मी घातले. मग दर सोमवारी. तुम्हाला सांगणार होते. पण तुम्ही दुपारचं जेवण सोडून नुसत्या चहावर शिवत बसता ते मी येता-जाता बघत होते, म्हणून तोंड उघडलं नाही. पुढे माझं खोलीभाडं वाढलं, बस वाढली, मग मला जमेना. जेवढं यायचं तेवढंच आणायला लागले. चार अंडी घरी ने म्हणायच्या ती मी रोज एक उकडून त्यांनाच चारायची.

पैसे परत नकोत. रागही नाही. पण तो शब्द कानातून जात नाही. नवीन काम बघितलंय. आजींना काही सांगू नका, त्या जेवायच्या थांबतील.

तुमची मावशी


९ मार्च

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

मावशींचं पत्र तू मला पाठवलंस आणि खाली एवढंच लिहिलंस की सांगितलं तर आई जेवण सोडेल, काय करू. मी दुकानाच्या मागच्या खोलीत बसून रडले. आधी तुझी लाज काढली तीही मीच, तेही आठवलं. आईनं साठाच्या सामानाचं मला लिहिलं होतं, आणि तुझ्याकडून खरे भाव कळल्यावरही मी दोन्हीचा मेळ घातला नाही.

सांग तिला. सगळं सांग, भाव आणि मावशींचं पत्र दोन्ही. आपण आईला जगवायला निघालो आणि दुसऱ्या बाईच्या ताटातलं काढून तिला वाढलं, दादा. तेही तिला चोर ठरवून. आईनं जेवण सोडलं तर मी येईन आणि नाक दाबून भरवीन, पण मावशींच्या नावावरचा डाग तसाच राहू देणं मला जमायचं नाही. तुला तरी जमेल का?

सोबत मावशींचं पत्र परत पाठवते आहे, आणि माझ्या वाट्याहून थोडे जास्त पैसेही. चष्म्याची काडी अजून पुष्कळ टिकेल. दुपारी जेवत जा, नाहीतर पत्रात आईला कळवीन. तुझ्यावर रागावण्याचा हक्क माझ्याकडेच ठेव.

छोटी


२१ मार्च

चि. छोटीस आईचे आशीर्वाद, आणि थोडे शिव्याशापही, ते दादाबरोबर वाटून घे.

मला सगळं कळलंय. दादा शाळेत चूक कबूल करायचा तसा समोर उभा राहून बोलला. मी विचारलं, अंडी कितीला? म्हणाला, नव्वद. साबण? तीस. मी एकेक वस्तू विचारत गेले, तो सांगत गेला, शेवटी मीच पुरे म्हटलं. मग त्यानं मावशीचं पत्र वाचून दाखवलं. माझ्या चष्म्यानं मी ते पुन्हा स्वतः वाचलं.

तुम्ही मला कुक्कुलं बाळ समजलात. चिडून दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. जेवले मात्र, दोन्ही वेळा. जेवण सोडायला मला तोंडच उरलं नव्हतं. हे सगळं माझ्या त्या सोडण्यापायीच झालं. पोरांवर भार नको म्हणून मिरवत होते आणि भार कुणाच्या डोक्यावर टाकला होता बघ.

आता दादा मला सकाळी खुर्चीत बसवून शेजाऱ्याच्या मदतीनं खाली दुकानात नेतो. मी बटणं लावते. तिथे कळलं की शिलाईचे दर त्यानं तीन वर्षांत वाढवलेलेच नाहीत, गिऱ्हाइकाला सांगायची लाज वाटते म्हणे. मी नवा दर पुठ्ठ्यावर लिहून काचेला लावला. दोन बायका नाक मुरडून गेल्या, एक परत आली.

परवा मी हट्टानं मावशीकडे गेले. तिची खोली तिसऱ्या मजल्यावर, म्हणून मी खाली आवारातच खुर्चीत बसले आणि दादा तिला बोलवायला गेला. ती उतरून आली. मी तिला अगदी हळूच सांगितलं की मी तुला चोर म्हटलं, माझं चुकलं, तू स्वतःचं घालून मला जेवू घातलंस. मला वाटलं हळूच. दादा म्हणतो, मी एवढ्या मोठ्यानं बोलले की चारी मजल्यांच्या खिडक्या उघडल्या. बरंच झालं. ती रडली, मीही रडले. मग पदरानं तोंड पुसून तिनं माझा खुबा चाचपून पाहिला आणि उजव्या कुशीवर झोपता का म्हणून मलाच रागावली. मनात काही ठेवलेलं नाही, म्हणाली.

मला वाटलं, झालं, उद्यापासून येईल. मी तसं म्हटलंही. दादानं पगार वाढवून सांगितला, तुझे जास्तीचे धरून. तिनं माझा हात हातात घेतला. म्हणाली, आजी, नव्या घरी दीडपट देतात आणि चालत जाता येतं. तुमच्याकडे यायचं मन फार होतं, पण मला परवडत नाही.

दादा तोंड फिरवून उभा राहिला. मला तिचा राग आला नाही, छोटी. इतक्या महिन्यांत परवडत नाही असं मला तोंडावर खरं सांगणारी तीच पहिली. जाताना मी तिला जवळ घेतलं.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
आई