आत्याची पांढरी गाडी

मंगळवार, संध्याकाळ

स्वतःचाच राग येतोय. गुन्हे-मानसशास्त्राच्या वर्गात महिनाभर एकच घोकतेय, साक्षीदाराच्या तोंडी आपले शब्द घालायचे नाहीत. आणि मी काय केलं?

गेल्या आठवड्यात कागलजवळ एक गाडी मोटरसायकलवाल्याला उडवून पळून गेली. आत्या तिथंच थांब्यावर उभी होती. घरी आल्यावर मी प्रॅक्टिकलसाठी तिची मुलाखत रेकॉर्ड केली. आज ती वर्गात ऐकवली. आत्या म्हणतेय, "रंग काय ध्यानात न्हाय बघ." लगेच माझा आवाज, "पांढरी होती न्हवं?" थोडं थांबून आत्या, "व्हय, पांढरीच असंल."

पांढरी का म्हणाले मी? रस्त्यावर निम्म्या गाड्या पांढऱ्या असतात म्हणून?

मुलाखतीच्या दुसऱ्या दिवशी तिनं पोलिसांनाही पांढरीच सांगितली. आज घरी येऊन रेकॉर्डिंग ऐकवलं तर माझ्यावरच भडकली. "माझ्या डोळ्यांनी बघितलंय. चार बुकं शिकलीस म्हणून मला खोटी पाडतीस व्हय?"

ती खोटं बोलत नाही, हीच तर पंचाईत.

मग सरांनी शिकवलं तसं विचारलं, "काय दिसलं ते तूच सांग," आणि मध्ये तोंड उघडलं नाही. आत्यानं डोळे मिटून सांगितलं. पांढरी गाडी. मागच्या काचेवर गणपतीचा स्टिकर. गल्लीत रोज दिसणाऱ्या विनायकच्या पांढऱ्या गाडीवर आहे, अगदी तसाच.

स्टिकरचं मी कधीच विचारलं नव्हतं.

उद्या सकाळी ती हेही सांगायला पोलीस ठाण्यात निघालीय. तिच्याआधी मला रेकॉर्डिंग घेऊन पोचायला हवं, आणि खरंच तिला खोटी पाडायला हवं.