सौम्याचा म्हैसूरपाक

प्रिय यशू,

आपण एकाच मजल्यावर बसतो आणि मी तुला कागदावर पत्र लिहितेय, म्हणून हसशील. हस. नागपूरच्या हॉस्टेलात तू माझ्या अक्षराला मुंग्यांची मिरवणूक म्हणायचीस, ते अजून तसंच आहे. बाकी मी पुष्कळ सुधारले, असं कंपनी म्हणते. ती भांडकुदळ शलाका आता टीम सांभाळते, आवाज चढवत नाही, कुणाला तोडून बोलत नाही. सोमवारची मीटिंग प्रत्येकाच्या एका चांगल्या बातमीने सुरू करायची, हा नेमही माझाच. तू त्याला आमची आरती म्हणतेस.

सौम्याने वाटलेला म्हैसूरपाक आठवतो? तू दोन तुकडे उचलून कॉलवर पळालीस. ती स्वतःहून नोकरी सोडून गेली, निरोपाचं तोंड गोड करून गेली, असं मीच नंतर सगळ्यांना सांगितलं. तसं नव्हतं. तिला काढलं होतं, आणि ते सांगायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी छान बोलते. मी इतकं छान बोलले, नव्या वाटा, मोठी झेप, तुझ्यावर पूर्ण विश्वास, की तिला वाटलं बढती मिळाली. थँक्यू अक्का म्हणत तिने माझे हात धरले. दुसऱ्या दिवशी येलहंक्याहून डबा भरून आली. बढती मी जाहीर करणार असं समजून कुणाला कारणही सांगेना. शेवटी माझ्या केबिनमध्ये आली आणि पाठोपाठ तिचा लॅपटॉप घ्यायला माणूस आला. ती माझ्याकडे बघत राहिली. मी तुकडा तोंडात टाकला आणि छान झालाय म्हणाले.

तेव्हापासून मला काही वाटत नाही. वाईटसुद्धा नाही. के. आर. पुरमला कॅब अडकते, ड्रायव्हर कन्नड वळणाने स्वल्प उशीर होईल म्हणतो, मी त्याच्याच भाषेत सरी, ठीक आहे, म्हणते. घरी भाजी अळणी झाली तर ते नवऱ्याने, क्षितिजने, सांगावं लागतं, मला कळत नाही.

काल तुझी चांगली बातमी होती. व्हाइटफील्डचं घर ठरलं, गुरुवारी करार, मग आईबाबा कायमचे इकडे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. पुढची नावं मला सकाळीच कळली होती.

यशू, शुक्रवारी तुला माझ्या केबिनमध्ये बोलावणं येईल. तिथे मी काय बोलायचं ते मला लिहून दिलंय, आणि मी तेच बोलेन, हसून बोलेन. दुसरं काही बोलणं आता मला जमत नाही. म्हणून इथे लिहिते. तुझी नोकरी गेली आहे. गुरुवारी सही करू नकोस. हे आधी सांगितल्याबद्दल माझीही जाईल कदाचित, जाऊ दे. शुक्रवारी थँक्यू मात्र म्हणू नकोस. हॉस्टेलात भांडायचीस तशी भांड माझ्याशी, सगळ्यांना ऐकू जाईल अशी.

तू ठेवशील तोवर तुझीच,
शलाका